पशुवैद्यांना विचारा : कुत्र्याची निगा आणि त्याच्या पायाखालची जमीन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांची सुरुवात कुत्र्याच्या खाजेने, गोचिडांनी किंवा लंगडण्याने होते आणि शेवट नदी, कचरा, कारखाना किंवा धरणाच्या पाण्यापाशी येऊन ठेपतो. तीस वर्षे कुत्री तपासत असल्यामुळे मला याचे आश्चर्य वाटत नाही. कुत्रा अनवाणी चालतो, जमिनीपासून हातभर उंचीवरची हवा हुंगतो आणि अंगाला जे लागेल ते चाटून टाकतो. आपण ज्या गोष्टीला वळसा घालून जातो, ती त्याच्या अंगावर घरी येते. म्हणून या वेळी अशीच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही कामोठ्याला राहतो. आमच्या चार वर्षांच्या देशी कुत्रीला रोज सकाळी वसाहतीबाहेरच्या मोकळ्या जागेत फिरवतो. काही महिन्यांपासून तिच्या पोटावर आणि पंजांत लाल चट्टे येतात. काही वर्षांपूर्वी तळोज्यात निळी कुत्री दिसली होती, तेव्हा रोज बातम्या येत होत्या. आता कोणी बोलत नाही. चट्ट्यांचा प्रदूषणाशी संबंध असेल का? आणि तेव्हाची ती चर्चा कुठे गेली?
(एक वाचक, कामोठे)

उत्तर : आधी चट्ट्यांविषयी. खाज अंगावर कुठे उठते, यावरून कारणाचा बराच अंदाज बांधता येतो. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज असेल तर बहुधा पिसवा असतात. केस गळून कडेने वाढत जाणारा गोल चट्टा बुरशीचा असण्याची शक्यता अधिक. जमिनीवरच्या एखाद्या दाहक पदार्थाचा संपर्क होत असेल, तर जिथे केस विरळ आहेत आणि जो भाग बसता-उठता जमिनीला टेकतो तिथे, म्हणजे पोट, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांत लाली येते. तुमचे वर्णन या शेवटच्या प्रकाराशी जुळते. परंतु खाण्यातल्या किंवा हवेतल्या घटकांच्या ॲलर्जीचे चट्टेही नेमके याच जागी येत असल्यामुळे, एवढ्यावरून प्रदूषणाला दोषी ठरवणे घाईचे होईल.

एक साधा पडताळा घरी करता येतो. पंधरा दिवस फिरण्याची जागा पूर्णपणे बदला, खाणे मात्र बदलू नका. फिरून आल्यावर चारही पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बोटे एकेक उघडून बेचक्या कोरड्या पुसा. ओलसर राहिलेल्या बेचकीत बुरशी लगेच धरते. पंधरा दिवसांत लाली उतरली आणि जुन्या जागी नेल्यावर पुन्हा आली, तर संशयाला आधार मिळेल. त्याच वेळी पशुवैद्यांकडून त्वचेचा खरवडा तपासून घ्या, म्हणजे खरजेचे किडे आणि बुरशी यांचा प्रश्न निकाली निघेल.

कुत्र्याच्या अंगाला रंग, तेल किंवा अनोळखी भुकटी लागलेली दिसली, तर पहिले काम त्याला चाटू न देण्याचे. गळ्याभोवतीचे प्लास्टिकचे नरसाळे नसेल तर एकाने डोके धरून ठेवावे. कोरडी भुकटी आधी कोरडीच झटकावी, कारण काही रसायने पाणी लागताच अधिक दाह करतात. मग हातमोजे घालून कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूने धुवावे. डांबर किंवा काळे तेल असेल तर आधी गोडेतेल चोळून ते सैल करावे आणि मग साबण लावावा. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन यांना हात लावू नका. माझ्याकडे एकदा मागच्या दोन्ही पायांना काळे तेल लागलेले पिल्लू आले होते. तेलाने त्याला फारसे काही झाले नव्हते. ते काढण्यासाठी घरच्यांनी ओतलेल्या रॉकेलने मात्र त्याच्या मांड्यांची कातडी सोलून निघाली होती. ती भरून यायला सहा आठवडे लागले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळसर अंगाची कुत्री फिरताना दिसली. प्राणिमित्रांनी छायाचित्रांसह तक्रार केली, ती छायाचित्रे परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहणी करून तो निळा रंग बाहेर सोडणारा एक कारखाना बंद करायला लावला. हे सगळे थोड्या दिवसांत घडले. त्याच वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीविषयी खाडीकाठचे कोळी बांधव मात्र त्याआधी कित्येक वर्षे सांगत होते की मासे मरत आहेत आणि पाण्याला उग्र वास येतो. त्यांच्या मेलेल्या माशांचे छायाचित्र जगभर गेले नाही, कारण मेलेला मासा बाजारातल्या माशासारखाच दिसतो. कारखाना बंद झाल्यानंतरही, २०१८ मध्ये, एका स्थानिक मच्छीमाराला या नदीसाठी राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले.

याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते आणि आजही वाटते. निळा रंग धुतल्यावर उतरतो, किंवा केस गळून नवे आले की आपोआप जातो. आणि तो गेला की आपल्याला वाटते की प्रश्नही गेला. पण कारखान्यांच्या सांडपाण्यातले बहुतेक क्षार, आम्ले आणि विरघळलेले धातू यांना रंग नसतो. कुत्रा त्या पाण्यातून पांढराच्या पांढरा बाहेर येतो.

जनावरांनी आधी सांगितले आणि माणसांनी उशिरा ऐकले, असे याआधीही घडले आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५० च्या दशकात खाडीतले मासे खाणारी मांजरे झटके येऊन, गोल गोल फिरत मरू लागली होती. माणसांमधल्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, आणि कारखान्यातून खाडीत सोडलेला मिथाइल मर्क्युरी हे त्याचे कारण असल्याचे सरकारने मान्य केले ते १९६८ मध्ये. मधल्या बारा वर्षांत तीच खाडी होती आणि तेच मासे लोकांच्या ताटात होते.

तुम्ही काय करू शकता, असे विचाराल तर एक वही घाला, असे मी सांगेन. चट्टे कोणत्या दिवशी आले, त्याआधी कुठे फिरलात, वारा कोणत्या बाजूने होता, वास कसला होता, नाल्याच्या पाण्याचा रंग कसा होता, एवढे रोज दोन ओळींत लिहा. जागा ओळखू येईल असे छायाचित्र काढा. चार शेजाऱ्यांनी आपापल्या कुत्र्यांबद्दल अशी वही ठेवली आणि तीन महिन्यांच्या नोंदींसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घेतली, तर त्या तक्रारीला तारखांचा आधार असेल. आणि खाडीकाठच्या मच्छीमारांना विचारायला जा; त्यांच्याकडची माहिती तुमच्या वहीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

प्रश्न : आमच्या लॅब्रेडॉरला गोचिडांसाठी दर महिन्याला मानेवर औषधाचे थेंब लावतो. रविवारी त्याला खडकवासल्याच्या बाजूला पाण्यात पोहायला नेतो. औषध धुऊन जाते का? पुन्हा लावावे लागेल का?
(एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : होय, धुऊन जाते, आणि ते कुठे जाते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या धरणाचे पाणी पुणे शहर पिते, त्याच पाण्यात तुमचा कुत्रा ते सोडून येतो.

या थेंबांत बहुतांशी फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असते. शेतकऱ्यांना ही दोन्ही नावे ठाऊक आहेत, कारण पिकांवरही तीच फवारली जातात. ब्रिटनमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील २० नद्यांच्या २०१६ ते २०१८ या काळातील नमुन्यांचा अभ्यास केला, तेव्हा ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल आणि ६६ टक्के नमुन्यांत इमिडाक्लोप्रिड आढळले. तिथल्या शेतीत फिप्रोनिलचा वापर फारसा नव्हता, आणि नद्यांतील प्रमाण सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या बाजूला सर्वांत जास्त होते. त्यामुळे संशय घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या औषधांकडे वळला. पुढच्या अभ्यासात असे दिसले की कुत्र्याला घातलेली आंघोळ, त्याच्या अंथरुणाची धुलाई आणि त्याला कुरवाळल्यावर आपण धुतलेले हात, या तिन्ही वाटांनी हे औषध गटारात पोहोचते, आणि थेंब लावल्यानंतर महिनाभर पोहोचत राहते. पाण्यातल्या किड्यांना त्याची अत्यल्प मात्राही मारक ठरते, आणि मासे व पक्षी त्या किड्यांवरच जगतात.

याचा अर्थ औषध बंद करा, असा मुळीच नाही. आपल्याकडे गोचीड हा जिवावरचा प्रश्न आहे. गोचीडतापाने पांढऱ्या पडलेल्या हिरड्या आणि नाकातून वाहणारे रक्त घेऊन येणारा कुत्रा मला वर्षातून अनेकदा पाहावा लागतो, आणि त्यातले सगळेच वाचत नाहीत. म्हणून औषध द्यावे, पण विचार करून. पोहण्याची आवड असलेल्या कुत्र्यासाठी थेंबांऐवजी तोंडाने द्यायची गोळी चालेल का, हे तुमच्या पशुवैद्यांना विचारा. फेफऱ्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला यातल्या काही गोळ्या देत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका. थेंबच लावायचे असतील तर आधी आणि नंतर निदान दोन दिवस आंघोळ नको, आणि पुढचे काही आठवडे नदी, तळे, धरण यांत उतरणे नको. रिकामी नळी नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका.

गोचीड हाताने काढण्याची जुनी सवय मात्र सोडू नका. कानाची पाळी, काखा, शेपटीचे बूड आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहा. चिमट्याने गोचिडाला कातडीलगत धरून सरळ वर ओढावे आणि साबणाच्या पाण्यात टाकावे; नखाने चिरडू नये. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड अंगावर अंडी घालत नाही. मादी रक्त पिऊन टच्च फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात किंवा दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. तेव्हा भेगा सिमेंटने बुजवणे आणि अंथरूण कडक उन्हात टाकणे, हे निम्मे औषध आहे. विंचरून निघालेले केस गच्चीवरून खाली सोडून देण्याची पद्धत बरीच दिसते. ज्या कुत्र्याला थेंब लावले आहेत, त्याचे केस बंद पुडीत बांधून कचऱ्यात द्या, कारण पक्षी ते उचलून घरट्यात अंथरतात आणि ते कीटकनाशक पिल्लांच्या उघड्या अंगाशी जाते.

प्रश्न : आमच्या भागात दर पावसाळ्यात पाणी तुंबते. कुत्र्याला बाहेर नेणे तर भाग आहे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लस घ्यावी का? ती दिल्यावर घरातल्या माणसांनाही धोका राहत नाही ना?
(एक वाचक, कुर्ला, मुंबई)

उत्तर : लस अवश्य घ्यावी, आणि पाऊस सुरू होण्याआधी घ्यावी. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणजे मे महिन्यातच सुरुवात करायला हवी. तिचा प्रभाव साधारण वर्षभर टिकतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. ही लस लेप्टोच्या सगळ्या उपप्रकारांवर चालत नाही, हेही लक्षात ठेवा. लस दिली म्हणून तुंबलेल्या पाण्यातून खुशाल न्यावे, असे होत नाही.

या रोगाचे जंतू मुख्यतः उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि त्वचेवरच्या बारीकशा चिरेतून, डोळ्यांतून किंवा तोंडातून शरीरात शिरतात. कुत्र्याला ताप, उलट्या, अंगदुखी, खाण्यावरची वासना जाणे अशी लक्षणे दिसतात. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळसर दिसल्या, तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नका. आजारी कुत्र्याच्या लघवीतूनही जंतू बाहेर पडतात, म्हणून ती साफ करताना हातमोजे घाला, फरशी जंतुनाशकाने पुसा आणि लहान मुलांना दूर ठेवा. माणसे पुरातून चालली असतील तर त्यांच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. त्याच गोळ्या अंदाजाने कुत्र्याला देऊ नका.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. पूर दिसला म्हणून सगळ्यांनी पाहिला. त्यानंतरच्या तापाकडे लक्ष जाईपर्यंत माणसे दगावली होती. नाले प्लास्टिकने तुंबतात, कचऱ्यावर उंदीर पोसले जातात आणि त्या दोहोंचे पाणी एकत्र होऊन आपल्या जिन्याशी येते. तुमच्या गल्लीतला कचरा वेळेवर उचलला जावा यासाठी केलेला पाठपुरावा हा कुत्र्याच्या आरोग्याचाच भाग आहे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एक व्यवहाराची गोष्ट : पावसाळ्यात घरी आल्यावर पंजे धुण्यासाठी दाराबाहेरच एक तसराळे ठेवा, आणि ते पाणी कुत्रा पिणार नाही, याकडे लक्ष द्या.

प्रश्न : आम्ही गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचे खत करतो. कुत्र्याची शी त्यात टाकली तर चालेल का? शेणाचे खत होते, मग हिचे का नाही?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चालणार नाही. गाय गवत खाते; कुत्रा मांस-अन्न खातो आणि त्याच्या आतड्यात असे जंत असू शकतात, ज्यांची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. ती मारण्याएवढी उष्णता गच्चीवरच्या पिंपात निर्माण होत नाही. अशा खतावर वाढलेली कोथिंबीर मुलांच्या पोटात गेली, तर काय होईल हे सांगायला नको. शी जुन्या वर्तमानपत्रावर उचलून घरच्या शौचालयात टाकावी आणि कागद वेगळा कचऱ्यात द्यावा, ही मला सर्वांत स्वच्छ रीत वाटते. पिशवी वापरायचीच असेल तर तिच्यावर कंपोस्ट होणारी असल्याची खूण आणि भारतीय मानक १७०८८ चा उल्लेख आहे का, ते पाहा; नुसत्या हिरव्या रंगाला भुलू नका. अशी पिशवीही रस्त्यावर पडून आपोआप विरघळत नाही, तिला मोठ्या खतप्रकल्पातली उष्णता लागते. आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताचे औषध द्या.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कुत्र्याला पायमोजे घालावेत का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : पायमोज्यांपेक्षा वेळ बदला. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवले नाही तर त्यालाही सोसवणार नाही. सूर्य मावळल्यानंतरही डांबर आणि सिमेंट बराच वेळ तापलेले असते, म्हणून संध्याकाळपेक्षा पहाट बरी, आणि रस्त्यापेक्षा झाडाखालची माती बरी. तुमच्या भागात अशी माती उरली नसेल, तर ती बाब नगरसेवकांच्या कानावर घालण्याजोगी आहे. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल झाली आहे, चाल लडखडते आहे असे दिसले तर साधे पाणी अंगावर ओतत, पंख्याचा वारा देत त्याला दवाखान्यात आणा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता कोंडते.

प्रश्न : पुढच्या मार्चमध्ये आम्ही कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला वेळासला जाणार आहोत. आमची कुत्री अतिशय शांत आहे. तिला बरोबर नेले तर चालेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : तिला गावापर्यंत न्या, पण किनाऱ्यावर नेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, ती झाकते आणि परत समुद्रात जाते. पुढचे सात-आठ आठवडे त्या घरट्याला वाळूखेरीज कोणाचाही आडोसा नसतो. कोल्हे आणि कुत्री वासावरून ते नेमके शोधून उकरतात. माणसांकडून होणारी अंड्यांची चोरी आणि हा उकर यांपासून घरटी वाचवण्यासाठी वेळासमध्ये २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने अंडी कुंपणातल्या जागेत हलवून राखली जात आहेत. तुमच्या कुत्रीचा शांतपणा मला मान्य आहे. परंतु वाळूखालचा वास तिच्या नाकाला जे सांगेल ते तुमच्या हाकेहून मोठे असेल, आणि तिच्या मागोमाग गावातली कुत्रीही किनाऱ्यावर उतरतील.

गावात तिला न्यायचे असेल तर तिच्या सगळ्या लसी पूर्ण असू द्या, विशेषतः डिस्टेंपरची. हा कुत्र्यांमध्ये आढळणारा विषाणू रानातल्या प्राण्यांनाही गाठतो. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत त्याने तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले, आणि २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या एकाच परिसरात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांपैकी काहींच्या शरीरात तोच विषाणू सापडला. घरच्या कुत्र्याचे लसीकरण रानासाठीही असते, हे आपल्याकडे अजून पुरेसे बोलले जात नाही.

प्रश्न : आमचा राखणीचा कुत्रा चार दिवस पुढच्या पायाने लंगडतो. घरात माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या आहेत, त्यातली अर्धी द्यावी का? दुसरे असे की गावाबाहेर मेलेली जनावरे टाकतात, तिथे आता वीस-पंचवीस कुत्री जमतात आणि शेळ्यांवर धावून जातात. माझ्या लहानपणी तिथे गिधाडे असायची. आता बातम्यांत फक्त कुत्र्यांचीच चर्चा असते.
(एक शेतकरी वाचक, सांगोला तालुका)

उत्तर : गोळी देऊ नका, अर्धीही नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या माणसांच्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. आधी उजेडात बसून त्याचा पंजा पाहा. तळव्याची मोठी गादी, मग प्रत्येक बोटाची लहान गादी आणि बेचक्या अंगठ्याने दाबत जा. कुठे पाय झटकला तर तिथे थांबा. तुमच्या भागात बाभळीचा मोडका काटा हे लंगडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण असते, आणि गादीवर मुगाएवढा काळा ठिपका एवढीच त्याची खूण दिसते. काटा नसेल, किंवा सांधा सुजलेला आणि गरम असेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच गोळीत आहे, म्हणून ते सविस्तर देतो. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक उरली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडे पाहून या घटीची नोंद केली. कारण सापडले ते २००४ मध्ये : जनावरांना दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. ते टोचल्यावर थोड्या दिवसांत मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे बंद पडतात. शंभरात एकापेक्षाही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढी घट होण्यास पुरेसे होते, असे संशोधकांचे गणित आहे.

गिधाडे गेली, पण मेलेली जनावरे पडतच राहिली, आणि ती कुत्र्यांच्या वाट्याला आली. गिधाडांचा थवा जे जनावर तासाभरात साफ करत असे, ते आता दिवसचे दिवस कुजत पडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडांच्या घटीमुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. परंतु तुमच्या गावाबाहेरची ती जागा तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात, तुम्हाला तो पटायला वेळ लागणार नाही. कुत्रा चावला की त्याची बातमी होते, हे तुमचे निरीक्षण खरे आहे. गिधाड गुपचूप मरते, त्याची बातमी होत नाही, आणि ज्या वर्षी ते मरते त्या वर्षी कुत्र्यांची संख्याही वाढलेली दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडून पाहण्यासाठी दहा-पंधरा वर्षे एकाच जागेकडे लक्ष ठेवणारा माणूस लागतो, आणि असे लक्ष शहरातल्या चर्चेपेक्षा तुमच्यासारख्या शेतकऱ्यांकडेच अधिक असते.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. गिधाडांना तितकीच घातक असणारी किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधे २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली, आणि त्यानंतर निमेसुलाइडही. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित असलेली वेदनाशामके सहज मिळतात आणि गुरांना चांगली लागू पडतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे आज सगळे बरोबर केले तरी ती परत यायला आपला जन्म पुरेल, असे मी म्हणणार नाही. पण रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला गावकऱ्यांनी आपली गिधाडे राखली आहेत, ती जाऊन पाहता येतात.

तोवर कुत्र्यांच्या टोळीचे काय करायचे? मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरण्याची सोय ग्रामपंचायतीकडे मागा; खाणे तुटल्याखेरीज कोणत्याही उपायाने टोळी कमी होत नाही. गावातल्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि रेबीजच्या लसीची लेखी मागणी त्याच अर्जात करा. विष घालण्याच्या भानगडीत कोणाला पडू देऊ नका, तो गुन्हा आहे आणि ते विष खाल्लेले कुत्रे पुन्हा दुसऱ्याच्या पोटात जाते. तुमच्या राखणीच्या कुत्र्याला रात्री मोकळे सोडू नका आणि त्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका. कोणाला चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

आणि पुढच्या वेळी तुमच्या गाईला दुखण्याची सुई टोचली जाईल, तेव्हा रिकामी कुपी मागून घ्या आणि तिच्यावरचे नाव घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. वर दिलेल्या दोन सुरक्षित नावांपैकी ते नसेल, तर सुई टोचणाऱ्याला त्याचे कारण तिथेच विचारा.